दाबल्यावर आवाज यावा की जावा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की टेक्स्टाईल डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला आहेस, लोकलची गर्दी आणि ऑफिसातला ताण यावर अंगात घालायचा कपडा करायचाय, तो कपडा आवाज करणार आणि तू तो घालून परफॉर्म करणार, तर नाडीचे ठोके मोजणारा सेन्सर कुठला घेऊ, करंट जाणारा धागा कुठे मिळतो, आणि कोडिंग अजिबात येत नाही तरी जमेल का. तुला सरळ तू म्हणतेय, राग नको मानूस, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मी मूळची प्रायोगिक नाटकाच्या कपडेपटातली, शिवणयंत्र लहानपणीच हाताखाली आलं आणि सोल्डरिंग पार चाळिशीला टेकल्यावर, त्यामुळे इंजिनियर लोकांना माझं काही काही अडाणी वाटेल, वाटू दे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, जमेल. आणि नाडीचा सेन्सर घेऊ नकोस.

का ते सांगते. तो सेन्सर बोटाच्या किंवा कानाच्या कातडीत उजेड सोडतो आणि परत येणाऱ्या उजेडातल्या चढउतारावरून ठोका ओळखतो, म्हणजे तू शांत बसलीस तर छान चालतो, पण हात हलला की गेला, आणि परफॉर्मन्समध्ये तू हलणारच की. दुसरा प्रकार म्हणजे दोन बोटांना पट्ट्या बांधून घामामुळे कातडी किती करंट जाऊ देते ते मोजायचं. हे मी केलंय. मे महिना, छोटा हॉल, एसी बंद, आणि पहिल्या मिनिटाला आकडा वर जाऊन जो चिकटला तो शेवटपर्यंत खाली आला नाही, लोक नंतर येऊन म्हणाले किती टेन्शन होतं हो तुम्हाला, अरे टेन्शन कसलं, डोंबिवलीचा मे महिना ऐकू येत होता तो. शिवाय खरा मुद्दा वेगळाच आहे, जिना चढल्यावर आणि साहेबाचा फोन आल्यावर शरीर साधारण सारखंच वागतं, सेन्सरला त्यातलं कुठलं काय ते कळत नाही, आणि स्पीकरमधून धकधक आलं की प्रेक्षकाला थेट पिक्चरमधला ऑपरेशन थिएटरचा सीन आठवतो. मग तू कितीही खरं मोजलेलं असलंस तरी ते खोटंच ऐकू येतं.

त्यापेक्षा कपड्यालाच विचार की ताण कुठे बसतो. मी एक करते ते तू उद्याच करून बघ. जुना पांढरा सुती शर्ट घे, खळ घाल, कडक इस्त्री कर, आणि तो घालून सकाळची लोकल पकड. पोचलीस की बदल आणि तो शर्ट टेबलावर पसरून बघ. जिथे जिथे चुरगळलाय तिथे तिथे गर्दीने हात ठेवलाय. माझ्या शर्टात उजव्या खांद्याची मागची बाजू, दोन्ही दंड आणि कमरेच्या वर पाठीचा एक पट्टा हे कायम चुरगळलेलं, पोटाकडची बाजू जवळजवळ इस्त्रीची तशीच, कारण पर्स पुढे घेऊन आपण तिला मिठी मारून उभ्या असतो ना. आठवडाभर रोज नवीन इस्त्री करून फोटो काढ. रेल्वेवाल्यांच्या भाषेत या गर्दीला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं. हा आकडा परफॉर्मन्समध्ये बोलून दाखवू नकोस प्लीज, सगळेच दाखवतात, तुझ्याकडे त्याहून भारी पुरावा आहे, चुरगळलेला शर्ट.

आता माझी फजिती ऐक म्हणजे तुझं वर्ष वाचेल. माझ्या पहिल्या शर्टात त्या सगळ्या चुरगळणाऱ्या जागी दाबाच्या गाद्या शिवल्या होत्या, अकरा, आणि प्रत्येकीला एक रेकॉर्डिंग, हॉर्न, गाडीची अनाउन्समेंट, कुकरची शिट्टी, ऑफिसच्या फोनची रिंग वगैरे. लोकांनी येऊन दाबायचं आणि आवाज यायचा. लोकांना एवढं आवडलं की विचारू नकोस. पोरं दोन्ही हातांनी दाबत होती, एकाने तर ताल धरला, सेल्फी काढल्या. आणि मी मध्ये उभी, म्हणजे खेळण्याच्या दुकानातलं बटण दाबायचं माकड. विषय ताणाचा होता आणि हॉलमध्ये वाढदिवस चाललेला.

घरी येऊन खूप दिवस तो शर्ट बघितलासुद्धा नाही. मग एकदा आईशी बोलताना ती कोणाबद्दल तरी म्हणाली, तिचा आवाजच दाबून टाकला गं त्या घरात. आणि डोक्यात लख्ख पडलं, की आपली भाषाच सांगतेय, दाबल्यावर आवाज येत नसतो, जात असतो! मी उलटं वायरिंग केलं होतं. दुसऱ्या शर्टात सहा सूर सतत चालू ठेवले, बारीक, हार्मोनियमचा एकच सूर धरून ठेवल्यासारखे, आणि जिथे कोणी दाबेल तिथला सूर बंद. लोक आले, दाबायला लागले, एकेक सूर जायला लागला, आणि सहाव्या हाताला हॉल एकदम गप्प झाला. आता हात काढायचा की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. एका बाईंनी काढला, बाकीच्यांकडे बघितलं, मग दुसऱ्याने काढला. एकाने मात्र शेवटपर्यंत काढला नाही, हसत होता तो. त्या पंधरा मिनिटांत मला शहराबद्दल जेवढं कळलं तेवढं त्या अकरा रेकॉर्डिंगांतून कळलं नव्हतं.

म्हणून सेन्सर कुठला, धागा कुठला याच्या आधी हे ठरव की आवाजाचा स्विच कोणाकडे. तुझ्याकडे, बघणाऱ्याकडे, की कोणाकडेच नाही. तुझ्या विषयातला सत्तेचा भाग तिथेच आहे, निवेदनात चार वाक्यं लिहून तो येत नाही.

हे स्विचचं खूळ माझ्या एकटीचं नाही. जपानमध्ये गुताई नावाचा कलावंतांचा गट होता, त्यातली आत्सुको तानाका, तिने १९५५ मध्ये २० विजेच्या घंटा वायरने जोडून प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मांडल्या, प्रेक्षकाने बटण दाबायचं की घंटा एकामागून एक वाजत लांब जायच्या आणि परत यायच्या. म्हणजे बटण दाबणारा माणूस एकदम सगळ्या हॉलचा मालक, आणि तितकाच ओशाळलेला, कारण एवढा गोंधळ त्याच्यामुळे झालाय हे सगळ्यांना दिसतंय. पुढच्याच वर्षी, १९५६ ला, तिने इलेक्ट्रिक ड्रेस केला, रंगवलेले साधारण २०० बल्ब आणि ट्यूब, वायरींचं जंजाळ, वजन पन्नास किलोच्या वर, लुकलुकणारा, आणि तो घालून ती उभी राहिली. कल्पना कुठून आली तर ओसाका स्टेशनवर बसलेली असताना समोर निऑनची औषधाची जाहिरात चमकत होती, त्यावरून. स्टेशन, जाहिरात, आणि त्या उजेडाखाली वाकलेली बाई, ७० वर्षं होत आली तरी आपल्या दादरला लागू पडतंय की नाही सांग. (घरच्या विजेवर चालणारं काही अंगावर घ्यायचा विचारही करू नकोस, तिने केलं म्हणून. पाच व्होल्टच्या वर जायचं कारण नाही आपल्याला.)

आणि निक केव्ह माहीत असेलच तुला, शिकागोचा कलावंत, त्याचे साऊंडसूट, म्हणजे वाजणारे पोशाख, आता फॅशनच्या पोस्टरवर दिसतात त्यामुळे मूळ गोष्ट विसरली जाते. १९९१ ला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यात अमानुष मारलं, व्हिडिओ निघाला, पुढच्या वर्षी कोर्टाने त्या पोलिसांना सोडलं आणि शहर पेटलं. केव्ह स्वतः काळा, त्या काळात बागेत बसलेला असताना खाली पडलेल्या काड्या त्याला दिसल्या, टाकून दिलेल्या, पायाखाली येणाऱ्या, त्या गोळा करून त्याने कपड्यावर शिवल्या. त्याला वाटलं आपण शिल्प करतोय. अंगात घालून हलल्यावर कळलं की हे वाजतंय! यात कुठे वायर नाही, बॅटरी नाही, आणि आतला माणूस काळा का गोरा, बाई का पुरुष काही कळत नाही. पुढे २०१३ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात गवतासारख्या धाग्यांचे ३० घोडे नाचवले, तेही असेच सळसळणारे. इलेक्ट्रॉनिक्सची भीती वाटत असेल तर या रस्त्याने जा ना. कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं, रेल्वेचे जुने कूपन, बांगड्यांचे तुकडे, आयकार्डाच्या क्लिपा, शंभर आयकार्डांच्या क्लिपा एकावर एक आपटल्या तर काय आवाज येतो ऐकलायस?

आपल्याकडचं उदाहरण म्हणून पोतराज तुझ्या डोक्यात आलाच असेल, मला विचारणाऱ्या दर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या येतो. कमरेला रंगीत खणांच्या चिंध्यांचं आभरान, पायात घुंगरू, हातात कोरडा, म्हणजे चाबूक, आणि तो स्वतःच्याच अंगावर ओढायचा, अंगावरचं कापड, आवाज आणि सत्ता हे तिन्ही एका माणसात. पण मी सांगेन की बघ, वाच, आणि उचलू नकोस. ज्या घरांवर हे जातीने लादलं गेलं त्यातल्या कित्येकांनी बाबासाहेबांच्या चळवळीनंतर आभरान मुद्दाम उतरवलं, आणि आपण ते कॉलेजच्या शोसाठी चढवायचं, हे मला तरी पटत नाही. शिकायचं तर एवढं शिक की त्याच्या कोरड्याचा आवाज ऐकून बघणारा आपोआप एक पाऊल मागे जातो, म्हणजे आवाजाने जागा तयार होते. गर्दीच्या डब्यात हेच तर नसतं.

मुंबईत आवाजाची सत्ता म्हणजे काय हे कळायला मला आजोबांची गोष्ट पुरते. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, तिथे एवढा खणखणाट की बाजूच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे, घरी आले तरी ओरडूनच बोलायचे, आणि शेवटी शेवटी त्यांना काही ऐकूच यायचं नाही. आणि अख्खी वाडी उठायची कशावर, तर भोंग्यावर. १८५४ साली ताडदेवला पहिली गिरणी निघाली तिथपासून या शहराचं कापड आणि आवाज एकमेकांत गुंतलेत, आणि भोंग्याची दोरी कधी साचेवाल्याच्या हातात नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा आजी म्हणायची की सकाळी झोपच लागत नव्हती, भोंगा वाजला तरी साच्यांचा आवाज नाही म्हणून. हे सगळं तुझ्या शर्टात यायला पाहिजे असं नाही म्हणत, पण कॉटनचा शर्ट शिवतेयस परळच्या मॉलमधून कापड घेऊन, तर तो मॉल कशावर उभाय ते माहीत असू दे.

अजून एक मजेशीर उदाहरण, आणि यात कलावंत नाहीत, पोलीस आहेत. २०२० च्या जानेवारीअखेर मुंबई पोलिसांनी एक व्हिडिओ टाकला होता, पनिशिंग सिग्नल. सिग्नलला डेसिबल मीटर लावला, हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. वाजवा अजून, थांबा अजून. लोकांना धमाल आवडलं, मलाही. पण बघ, एकाने वाजवला आणि शिक्षा सगळ्यांना, अगदी गप्प बसलेल्या सायकलवाल्यालासुद्धा. हीच रचना तुझ्या कपड्यात घालून बघितलीस तर? हॉलमध्ये कोणी खोकलं, कुजबुजलं, की तुझा कपडा एक बोट आवळायचा. मला हे करायचं होतं, मोटर कपड्यात लपवता आली नाही म्हणून राहिलं, तू घे.

बरं आता हाताने करायच्या गोष्टी. कोडिंगशिवाय करायचं तर ४०१०६ नावाची चिप माग, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूच्या दुकानांत दोन वडापावच्या पैशात मिळते. तिच्यात सहा दारं असतात आणि प्रत्येक दाराला एक रेझिस्टर (करंट अडवणारा) आणि एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा) लावला की एक सूर, म्हणून माझ्या शर्टात सहाच सूर, त्यात काही गूढ नाही. सूर जुळवायला फिरवायचे छोटे रेझिस्टर लाव आणि शेजारच्यांची पेटी आण. सहाही एकाच चिपवर असल्यामुळे ते एकमेकांना ओढतात, जवळचे दोन सूर चिकटून एक होतात, म्हणून चिपच्या पॉवरच्या पायांजवळ एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, बराच फरक पडतो, पूर्ण जात नाही, आणि मला ती थोडी ओढाताण आवडते पण.

दाबाची गादी म्हणजे सँडविच. वर खाली करंट जाणारं कापड, मध्ये काळं वेलोस्टॅट, ते इलेक्ट्रॉनिक पार्ट गुंडाळून येतात त्यातलं असतं तसलं प्लास्टिक. दाबलं की रेझिस्टन्स उतरतो. ही गादी सुराच्या रेझिस्टरच्या जागी लावलीस तर दाबल्यावर सूर चढेल, किंचाळेल. आणि सूर आधी दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून काढून मग गादी त्या पुढच्या तारेतून ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, जोडलीस तर दाबल्यावर सूर तिथून निघून जाईल, गप्प. तेच सामान, फक्त जोडणी कुठे त्यावर किंकाळी का मौन ते ठरतं. दोन्ही करून, डोळे मिटून, दुसऱ्याला दाबायला लावून ऐक आणि मग ठरव.

धाग्याचं सांगायचं तर बाहेरून स्टीलचा धागा मागवता येतो, तो काळा पडत नाही पण सोल्डर घेत नाही आणि गाठ सुटत राहते, चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन मऊ असतो पण घामाने काळवंडतो. मशीनवर शिवताना हा धागा बॉबिनमध्ये भर आणि वरून साधा, नाहीतर सुईत सतत तुटेल आणि तू मला शिव्या देशील. पण त्याच्या आधी आजीचं कपाट उघड. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी भरतकामाचा कीपॅड असलेलं वाजणारं जॅकेट केलं, आणि त्यांच्या प्रयोगांत जे एक कापड कामाला आलं ते धाग्याभोवती तांब्याची पट्टी गुंडाळलेलं रेशमी ऑर्गन्झा, असं कापड भारतात निदान शंभर वर्षं विणलं जातंय असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे आपली जर! खरी जर म्हणजे रेशमावर चांदीची तार, हलकी म्हणजे तांब्याची, आणि आत्ता बाजारात ढिगाने मिळते ती चकचकीत प्लास्टिकची, जिच्यातून बहुतेक वेळा काही जात नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे करंट आरपार जातो का ते सांगणाऱ्या खुणेवर, लाव, दोन टोकं काठावर टेकव, बीप वाजली तर धातू आहे. मी एकदा नातेवाइकांत बसून हा प्रयोग केला आणि एका काकूंची लग्नातली पैठणी वाजलीच नाही, तो दिवस मी विसरणार नाही, त्याही नाहीत.

जोडायला टिचबटणं वापर, धातूची. म्हणजे सर्किटची पिशवी धुण्याआधी काढता येते. आणि स्विच म्हणून सेफ्टी पिन. लेडीज डब्यातून उतरून जनरलच्या गर्दीत शिरायची वेळ आली की पदराची पिन काढून बोटांत कशी धरतात हे तुला मी सांगायला नको, तीच पिन सर्किटमध्ये घे, बंद असताना करंट चालू, उघडली की तुटला. बघणाऱ्या निम्म्या लोकांना लगेच कळेल आणि उरलेल्या निम्म्यांना अजिबात कळणार नाही, आणि कोणाला कळलं कोणाला नाही हे हॉलमध्ये दिसतं.

पॉवर बँकेवर चालवणार असशील तर एक गंमत लक्षात ठेव, कमी करंट ओढला तर तिला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती स्वतःहून झोपते, माझी तिसऱ्या मिनिटाला झोपली, मी तशीच पुढे उभी, लोकांना वाटलं हाच शेवट, टाळ्यासुद्धा वाजल्या. सोबत एखादा छोटा दिवा जळत ठेव म्हणजे जागी राहते. चपट्या उघड्या लिथियम बॅटऱ्या कातडीलगत शिवू नकोस, वाकल्या, भोसकल्या तर पेटतात. स्पीकर कपड्यात नुसता टाचलास तर आवाज पत्र्यासारखा येतो, मागे छोटी डबी पाहिजे, मी बामच्या डब्या वापरते.

स्टेशनवर करायची खुमखुमी येईल, सगळ्यांना येते. बाई, अंगावर वायरी, बॅटरी आणि शर्टाखाली फुगलेल्या गाद्या घेऊन मुंबईच्या स्टेशनवर जायचं नाही, ११ जुलै २००६, लोकलमधल्या बॉम्बस्फोटांचा दिवस, या शहराला आठवतोय आणि आठवला पाहिजे. मी एकदा नुसती घरून हॉलवर जाताना शर्ट अंगातच घातला होता, वरून दुपट्टा, तर पुलावर एका हवालदारसाहेबांनी थांबवलं आणि चूक शंभर टक्के माझी होती. पाऊण तास लागला समजावायला, शेवटी त्यांनीच एक गादी दाबून बघितली आणि विचारलं, हे बंद का होतं? उघड्यावर करायचं तर लेखी परवानगी घे, आवाजाचे नियम २००० सालचे आहेत, स्पीकरला परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर साधारणपणे नाही, आणि हॉस्पिटल शाळा कोर्टाभोवती सरकारने जाहीर केलं असेल तिथे १०० मीटर शांतता क्षेत्र. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि तुझा कपडा त्यात आरामात बसेल, रस्ता स्वतः बसत नाही तो भाग वेगळा.

खर्च करण्याआधी एकच पट्टी शिव, हातभर, एक गादी, एक सूर. वाळलेल्या हाताने दाबून झालं की हात ओला करून दाब, मग मिठाच्या पाण्यात बुडवून दाब, कारण अंगावर तेच असणारे. मिठाच्या पाण्यातही सूर जिथल्या तिथे राहिला तर मला फोटो पाठव, मग बाकीच्या पाच गाद्या कुठे शिवायच्या ते तुझ्या चुरगळलेल्या शर्टावर खुणा करून ठरवू.